कढत पाण्यातला सोडा

थंडीत सोडा लवकर विरघळत नाही. आमच्या युनिटमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माझ्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट इथूनच सुरू झाली.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला, एका तालुक्याच्या गावात, चार मशीनचं छोटं युनिट. किडन्या निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा येतात, चार तास पडून राहतात, मशीन त्यांचं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत सोडतं. लोकांना वाटतं मशीनच रक्त धुतं. अहो, मशीन नुसतं फिरवतं. धुतं ते पाणी, आणि ते पाणी मी बनवते.

आमच्याकडचं बोअरचं पाणी असं खारं, की त्यात डाळ शिजत नाही. ते आरओतून काढायचं, गच्चीवरच्या टाकीत साठवायचं, आणि मग मशीनला दोन कॅन जोडायचे. एका कॅनमध्ये कंपनीकडून तयार आलेलं द्रावण असतं, त्यात मीठ, कॅल्शियम आणि थोडं आम्ल. दुसऱ्या कॅनमध्ये आपण कालवलेला सोडा, म्हणजे खायचाच, पण औषधी. हाच सोडा आपल्या रक्तातही असतो. रक्ताचा आंबटपणा वरखाली होऊ न देणं हे त्याचं काम, पुस्तकात त्याला बफर म्हणतात. किडनी गेली की रक्त आंबट होत जातं, आणि आम्ही चार तासांत या सोड्यानं ते ताळ्यावर आणतो. पुड्यावर लिहिलेलं असतं, एवढ्या पुड्याला एवढं पाणी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, एवढ्यासाठी दोन वर्षं शिकायची काय गरज!

त्या वर्षी थंडी लवकर पडली. सकाळी सहाला पहिली पाळी लागायची, म्हणजे मला साडेपाचला सोडा कालवायला लागायचा. टाकीतलं पाणी असं गार, की बोटं ठणकायची. पुडा टाकला की खाली ढेकूळ होऊन बसायचा. प्लॅस्टिकच्या दांड्यानं अर्धा तास ढवळा, तरी तळाशी पांढरं दिसायचंच. नव्या तीन मशीनना ही कटकट नव्हती, त्यांना कोरड्या सोड्याची बाटली लावायची आणि मोकळं व्हायचं. कॅन लागायचा तो कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला. आणि त्या मशीनवर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी काका असायचे, बाकीच्या सकाळी ते रिकामंच.

काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला कायम मफलर. गाव तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर. जुनं मशीन त्यांनीच मागून घेतलं होतं, कारण त्या कोपऱ्यातल्या खिडकीतून एसटी स्टँड दिसायचा. पावणेअकराची गाडी चुकली की पुढची थेट दोनला. "ताई, सा म्हंजे साला सुई लावा. सव्वासा झालं की माजी गाडी गेली," असं ते दर वेळी बजावायचे. एका हाताला सुया टोचलेल्या, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हाताची बोटं मात्र खाटेच्या लोखंडी दांडीवर सारखी चालू असायची. मी म्हणायचे, "काका, खाट वाजवताय का?" ते म्हणायचे, "आता हिच्यावरच पोट हाय."

त्यांच्या गावची जत्रा माघात असते. पालखी निघताना पहिली चाल क्लॅरिनेटवर वाजते आणि ती वाजल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. ती चाल काकांच्या वडिलांनी वाजवली, मग काकांनी. पंचवीसेक वर्षं एकदाही चुकली नव्हती. आदल्या वर्षी किडनीचं निघालं, तेव्हा जत्रा होऊन गेली होती. या वर्षी वाजवायचं आणि पुढच्या वर्षीपासून पुतण्याच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांनी धरलं होतं. बाकी कशाचीच अपेक्षा नव्हती. मला म्हणाले होते, "यवढी जत्रा मारून न्या, ताई. मग तुमचं मशीन आन् मी."

तर त्या गाडीपायी आणि त्या थंडीपायी मी एक सोय काढली. पेशंटना डायलिसिस चालू असताना फार थंडी वाजते, म्हणून आमच्याकडचे मामा गरम पाण्याच्या पिशव्या भरून त्यांच्या पायाशी ठेवायचे. मामा म्हणजे युनिटचे वॉर्डबॉय, रिटायर व्हायला आलेले, पण सगळे मामाच म्हणायचे. त्यांचा रॉड बादलीत तयारच असायचा. मी म्हटलं, मामा, एक स्वच्छ बादली आरओच्या पाण्याची तापवून द्या. त्यांनी दिली. चांगलं कढत पाणी. पुडा टाकला, आणि काय सांगू, पाच मिनिटांत सोडा गायब! पाणी निवळशंख. त्यातून बारीक बारीक बुडबुडे येत होते. मला वाटलं, विरघळताना येत असतील. मी मामांना म्हटलं, "बघा, उगाच महिनाभर हात मोडून घेतले."

बुडबुडे मी दर वेळी पाहत होते. दोन महिने पाहत होते.

असं नाही की मी तपासत नव्हते. कॅन जोडण्याआधी रंगाची पट्टी बुडवायची, पट्टीचा रंग डबीवरच्या घरांशी जुळवायचा आणि आंबटपणाचा आकडा, म्हणजे पीएच, वहीत लिहायचा, हा नियम आहे आणि मी तो पाळत होते. पट्टी एक घर पुढे दाखवायची, कधी दीड घर. पण नगरला शिकताना आमच्या सीनियर बाईंनी सांगितलं होतं, की ही पट्टी साध्या पाण्यासाठी केलेली असते, मिठानं गच्च भरलेल्या द्रावणात ती थोडं जास्तच दाखवते, घाबरून जायचं नाही. शिवाय तापमानानंही आकडा हलतो, हेही शिकवलेलं. मग मी काय करायचे? एक घर मिठाचं वजा, अर्धं घर उष्णतेचं वजा. राहिलेला आकडा बरोबर बसायचा. वहीत बरोबर आकडा लिहायचा. मला त्या वजाबाकीचा अभिमान होता, हो! नव्या मुलींना मी ती शिकवलीसुद्धा.

दुपारच्या पाळीला टाकीतलं पाणी उन्हानं सोसवेल इतपत झालेलं असायचं, रॉड लागायचा नाही. म्हणजे माझा तो कढत सोडा फक्त सकाळी लागायचा, फक्त कोपऱ्यातल्या मशीनला. फक्त काकांना.

तिसऱ्या की चौथ्या वेळेला काका म्हणाले, "ताई, व्हटाला मुंग्या येत्यात."

मी म्हटलं, "थंडी आहे काका."

पुढच्या वेळेला बोटांना. मग एकदा शेवटचा तास चालू असताना त्यांचा मोकळा हात आपोआप आखडला. बोटं जुळून अंगठा आत वळला, आणि ते दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. मी चोळून दिला. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं. ते पुढच्या वेळी सुई लावण्याआधी घेतलं, कारण रक्त घ्यायची आमची पद्धतच तशी. मधल्या तीन दिवसांत शरीरानं आपलं आपण सावरलेलं. रिपोर्ट ठीक आला. डॉक्टर म्हणाले, या पेशंटना क्रॅम्प येतातच.

काका म्हणाले, "घरी आसलं की बोटं ब्येस चालत्यात. हितं पडलो की जात्यात. दुसऱ्या दिशी सांजच्याला परत येत्यात. ह्ये मशीनच खातंय."

मी त्यांच्यावर डाफरले. माझा स्वभावच तो. सकाळपासून चार पेशंट, दोघांचं बीपी पडलेलं, आणि हे गृहस्थ मला मशीनचं शिकवणार! म्हटलं, "काका, हे मशीन नसतं तर तुम्ही दिवाळी पाहिली नसती. बोटं मशीन खात नाही, तुमच्या डोक्यात जत्रा बसलीय ती खातेय. मनाचे खेळ आहेत सगळे." शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. काकाही कसनुसं हसले, आणि त्यांनी बोटं शालीखाली घेतली.

त्यानंतर ते बोटांबद्दल बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं बाई एकदाचं.

जत्रेला नऊ दिवस होते, त्या शनिवारी मी त्यांना सुई लावली, सोडली, ते एसटीला गेले. मंगळवारी आले नाहीत. मी फोन लावला. काका खुशीत होते. "ताई, बोटं मोकळी झाली. पार पयल्यासारकी. आता जत्रा झाल्याबिगार मी मशीनवर येत न्हाई."

जत्रा पुढच्या सोमवारी. म्हणजे दोन पाळ्या चुकणार. आधी समजावलं, की अंगात पाणी साठेल, रक्तातलं पोटॅशियम वाढेल, हृदय बंद पडेल. ते "व्हय, व्हय" करत राहिले. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बोटंही मोकळी होतील आणि तुम्हीही मोकळे व्हाल! मग बसा वाजवत." आणि फोन ठेवून दिला. त्यांच्याशी झालेलं हे माझं शेवटचं बोलणं.

शनिवारीही ते आले नाहीत. मामा म्हणाले, "जिपडं घिऊन जाऊ का, उचलून आनतो." मी म्हटलं, नको, ज्याला जीव प्यारा नाही त्याला कोण आणणार. नंतर काकूंना फोन केला आणि त्यांनाही नाही नाही ते बोलले. काकू रडायला लागल्या. "आवो, मी काय कमी शिव्या घालते का? ऐकतच न्हाई मानूस."

मंगळवारी सकाळी मोबाईलवर काकांनी पाठवलेला व्हिडिओ आला. जत्रेतला, दिवसाउजेडीच काढलेला. पालखीपुढं काका उभे, तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, आणि क्लॅरिनेट वाजतंय. मी अर्धा मिनिट बघितला आणि बंद केला. रागानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही ते मशीनवर आले नाहीत. बुधवारी सकाळी त्यांना धाप लागली. टेम्पोत घालून आणत होते, आमच्या स्टँडच्या अलीकडच्या चौकापर्यंत आले आणि गेले.

त्या दिवशी युनिटमध्ये सगळे एकच म्हणत होते, म्हातारा हट्टानं मेला. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणत होते. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडते.

पुढच्या आठवड्यात जुनं मशीन बंद पडलं. कंपनीचा इंजिनियर आला, तरुण, कमी बोलणारा. त्यानं मागचं झाकण काढलं, एक नळी सोडवली आणि मला हाक मारली. नळी आतून पांढरी झाली होती. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं, तर कागदावर चमचाभर पांढरी भुकटी पडली.

"मॅडम, सोडा गरम पाण्यात कालवता का?"

मी म्हटलं, "थंडीत विरघळत नाही."

त्यानं दोन ग्लास मागवले. एकात गार पाण्यात सोडा ढवळला, एकात मामांच्या बादलीतल्या कढत पाण्यात. गरम ग्लास निवेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. मग त्यानं दोन्हींत पेनसारखं मीटर बुडवलं. गार ग्लासात आकडा आठाच्या आतबाहेर. दुसऱ्यात साडेआठाच्या वर.

"पण पट्टी मिठामुळे जास्त दाखवते ना?" मी म्हटलं. "आणि उष्णतेमुळे?"

"मिठामुळे पट्टी थोडी फसते, खरं आहे," तो म्हणाला. "पण ती रोज सारखीच फसेल. थंडी पडल्यावर आकडा वाढला, तर ते मीठ नाही. आणि नुसत्या उष्णतेनं या द्रावणाचा आकडा किंचित खाली यायला पाहिजे, मॅडम. वर नाही."

मी उष्णता उलट्या बाजूला वजा करत होते. दोन महिने.

मग त्यानं सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते. सोड्याच्या पाण्यात त्याचा आंबटपणा जागेवर ठेवणारा वायू असतो. पाणी तापवलं की तो उडतो, तेच ते बुडबुडे. वायू गेला की खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा व्हायला लागतो. मशीनमध्ये हे पाणी दुसऱ्या कॅनच्या द्रावणाला भेटलं, की त्यातलं कॅल्शियम पांढरं होऊन नळीत बसतं. मशीन फक्त एकूण मीठ मोजतं. ते जवळजवळ बरोबरच भरतं, म्हणून अलार्म वाजत नाही.

"आणि पेशंटला?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"हे कॅल्शियम रक्तात जायला हवं होतं," तो कागदाकडे बघून म्हणाला. "कमी पडलं की ओठांना मुंग्या येतात. हात आखडतो. घरी गेल्यावर दीड दिवसात भरून निघतं. कुणाला झालं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानं रिपोर्टमध्ये 'क्षार साचले होते, साफ केले' एवढंच लिहिलं. जाताना म्हणाला, पुन्हा करू नका. मी आत जाऊन तो व्हिडिओ काढला आणि पहिल्यांदा पूर्ण बघितला. बोटं नुसती पळत होती. एकही आखडलेलं नव्हतं. माणूस खरं सांगत होता. स्वतःच्या शरीराचा हिशोब त्यानं माझ्यापेक्षा बरोबर मांडला होता, आणि माझ्यापासून लांब राहिला म्हणूनच त्याला वाजवता आलं. जगायला लागत होतं मशीन आणि वाजवायला लागत होती बोटं. मी गार पाण्यात अर्धा तास हात घातला असता, तर दोन्ही मिळालं असतं.

तेराव्याला मी गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. ती भुकटी कागदात बांधून पर्समध्ये घेतली होती, का ते मलाही माहीत नाही. कदाचित पुरावा लागेल असं वाटलं असेल. दारात काकांचा भाऊ भेटला. त्यानं चार माणसांना सांगितलं, "ह्या मॅडम. लई समजावलं ह्यांनी. येड्यानं ऐकलं न्हाई." माणसांनी माना हलवल्या. मला बसायला खुर्ची आणली.

काकूंनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर पंगत चालू होती, आत आम्ही दोघीच. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसल्या.

"एक इचारू का, ताई? खरं सांगा. मशीननं बोटं जात्यात का?"

मी कप खाली ठेवला.

"त्यो सारका म्हनायचा, मशीन बोटं खातंय म्हनून. जत्रेच्या आदल्या दिशी मी त्येला बोलले. म्हनलं, खोटारड्या, मशीनला भितूस आन् बोटांचं नाव सांगतूस. तुला आमचं कायबी न्हाई, मर तिकडं वाजवत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "दोन दिवस त्यो माज्याशी बोलला न्हाई. आन् तसाच गेला. मला रातध्याड त्येच दिसतंय. त्यो खरं सांगत आसंल तर मी काय केलं ओ ह्ये?"

पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "नाही काकू. मशीननं बोटं जात नाहीत. असं काही नसतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच सोडला असावा. आता मला म्हणायची सोय आहे, की मी त्यांच्यासाठी खोटं बोलले, त्यांचं ओझं कमी केलं. बाहेर कुणाला सांगायचं झालं तर असंच सांगता येईल. पण खरं ते नाही. मी घाबरले होते, आणि त्यांनी स्वतःहून मला पळायला वाट करून दिली. तिथं त्या चुलीपाशी एक मेलेला माणूस खोटारडा ठरला, आणि ते ठरवणारी मी होते.

"मंजे माजंच बरूबर हुतं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुमी मातूर लई केलं त्येच्यासाटी. आज आसता, तर तुमच्या पाया पडाया लावलं आसतं मी त्येला."

आणि मग त्याच वाकल्या. माझ्या आईच्या वयाची बाई. मी त्यांचे खांदे धरून त्यांना उठवलं. त्यांचं कपाळ माझ्या पायाला लागून गेलं होतं.